खालून येणारी थंडी

कात्रप, बदलापूर (पूर्व)
मंगळवार, २० जानेवारी

तीर्थस्वरूप वन्संना,

सुहासिनीचा वाकून नमस्कार. (पत्रात वाकायला काही अडचण नाही. प्रत्यक्षात कमरेमुळे हल्ली अर्ध्यावरच थांबावं लागतं, ते तुम्ही चालवून घेताच.) आपण उभयता खुशाल आहात असं धरून चालते. भावोजींची साखर आटोक्यात असेल. नसली तरी ते तुम्हाला सांगणार नाहीत आणि तुम्ही त्यांच्या खिशातले पेढ्याचे कण बघून ओळखाल, म्हणून त्याची मला फार काळजी नाही. कुंडीतल्या मिरच्यांना यंदा फुलं आली का? आमच्याकडे सगळं ठीक. अनीशचा दर रविवारी पुण्याहून फोन येतो, आणि पहिल्या दोन मिनिटांत तो मला डॉक्टरांकडे जाऊन आलीस का असं विचारतो. हे (म्हणजे तुमचे धाकटे बंधू, चौसष्टावं लागलं तरी घराण्यात सगळे त्यांना बाळच म्हणतात आणि ते ओही देतात) प्रकृतीने उत्तम आहेत. माझीही प्रकृती उत्तम आहे. हे शेवटचं वाक्य कृपा करून दोनदा वाचावं, कारण पुढचं वाचताना तुम्हाला त्याचा विसर पडण्याचा संभव आहे.

गेल्या शुक्रवारी रात्री मी डोंगराच्या पायथ्याशी, दोन झाडांच्या मध्ये बांधलेल्या झोळीत झोपले. त्या रात्री बदलापुरात अकरा डिग्री होतं. झोळी म्हणजे तान्ह्या बाळाची नव्हे, मोठ्या माणसाची. तिला हॅमॉक म्हणतात, आणि मुंबईची चांगल्या घरची मुलं पैसे मोजून तिच्यात झोपायला येतात. मी साठ वर्षांची आहे, तीस वर्षं बालवाडी चालवलेली बाई आहे, आणि हे मी पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही आग्रहावाचून केलं. आता तुम्ही चष्मा काढून पुसाल आणि पुन्हा लावाल. मी तोवर थांबते.

दोन वर्षांपूर्वी याच महिन्यात न्यूमोनियाने मी अकरा दिवस दवाखान्यात होते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पोळीभाजीचे डबे तुम्हीच पाठवत होतात. त्या अकरा दिवसांत हे एका लोखंडी स्टुलावर बसून होते. मला त्यातलं फारसं काही आठवत नाही. पण घरी आल्यापासून पुढची दोन वर्षं मात्र मला तासातासाने आठवतात. दिवाळी संपली की आमच्या खिडक्या बंद होतात त्या होळीपर्यंत. पंखा तर एप्रिलमध्येसुद्धा माझी परवानगी घेऊन नव्हे, माझं कपाळ बघून लागतो. अंबरनाथच्या कारखान्यात ह्यांनी पस्तीस वर्षं मालाची तपासणी केली. आता तपासायला माल उरलेला नाही, मी आहे. पेपरात बदलापूरच्या थंडीची बातमी आली की हे ती कापून फ्रिजवर लावतात, म्हणजे मी दूध काढायला गेले की वाचावी. सकाळचं फिरणं बंद, दही बंद, गच्चीवर कपडे वाळत घालणं बंद. मी खोकले की शेजारच्या खोलीतला टीव्ही गप्प होतो, आणि दुसरा खोकला येतो का याची वाट पाहत हे तिथेच थांबलेले असतात. मला त्यांची माया कळते, वन्सं. पण मायेचा स्वेटर असा असतो की उकडलं तरी काढता येत नाही. या हिवाळ्यात एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की थंडी वाजते म्हणजे नेमकं काय होतं, तेच मी विसरले आहे. मी आजारी नाही, पण बरीही झालेली नाही, असं काहीतरी माझं होऊन बसलं होतं. एकदा थंडीत जाऊन, आजारी न पडता परत यावं, म्हणजे हे प्रकरण संपेल, असं मला वाटू लागलं.

आता चिमीबद्दल. तुम्ही तिला अनीशच्या मुंजीत पाहिलं आहे. पंक्तीत सगळ्यांना दटावून वाढत होती ती. बावीस वर्षं ती माझ्या बालवाडीत मदतनीस होती. मी मुलांना गाणी शिकवायचे आणि ती त्यांची नाकं पुसायची, आणि पालक आजही तिलाच जास्त ओळख देतात. ती बेलवलीला राहते. त्यांची शेतजमीन बरीचशी इमारतींखाली गेली, पण डोंगराकडचा एक माळ आणि त्याला लागून थोडी भातखाचरं राहिली आहेत. तिची सून जिज्ञासा हुशार मुलगी. तिने त्या माळावर शनिवार-रविवारी तंबू लावायचा धंदा सुरू केला आहे. मुंबईहून मुलं येतात, तंबूत झोपतात, भाकरी आणि चिकन खातात आणि तारे बघून जातात. त्यातलं कुणीतरी एक झोळी विसरून गेलं. चिमी दुपारी त्यात झोपायला लागली आणि मला फोनवर सांगायला लागली की बाई, पाठ हाय का नाय तेच कलत नाय. तीन आठवडे ऐकल्यावर मी म्हटलं, मीही येते, पण दुपारी नाही, रात्री.

झोळी एकच होती. दुसरी विकत घ्यायची तर जिज्ञासाने सांगितलेली किंमत मला परवडणारी नव्हती. (बँकेतून पैसे काढले की मेसेज ह्यांच्या फोनवर जातो. माझ्याजवळ होते ते फक्त भाऊबीजेचे.) म्हणून मी आणि चिमी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गेलो. तिथे बॅगा आणि रेनकोट शिवणारं एक छोटं वर्कशॉप आहे, होतचंद शेठचं. पॅराशूटचं कापड त्यांच्याकडे किलोवर मिळतं, कापलेले तुकडे तर त्याहून स्वस्त. मी त्यांना झोळीचं चित्र दाखवलं. त्यांनी विचारलं, "बच्चे के लिए है, माडम?" मी खोटं बोलायला नको म्हणून नुसती मान हलवली, ती त्यांनी होकारार्थी धरली. "वजन कितना होगा बच्चे का?" मी म्हटलं, एकसष्ट किलो. होतचंद शेठनी माझ्याकडे पाहिलं, चिमीकडे पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला आणि शिलाई मारणाऱ्याला अत्यंत गंभीरपणे सांगितलं, "साईं, तीन टाके मारना. बच्चा बड़ा हो गया है." दोन तासांत झोळी तयार. अर्धी जांभळी, अर्धी शाळेच्या दप्तरांची खाकी. पैसे त्यांनी फक्त कापडाचे घेतले. शिलाईचे देऊ लागले तर म्हणाले, माझी आई खाटेवरून उठत नाही, तिला सांगतो तुमच्याबद्दल. या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

पांघरुणाला मात्र एक पैसा खर्च करायचा नाही असं मी ठरवलं होतं. घरी पांघरुणं काय कमी आहेत? दोन ब्लँकेटं, एक रजई, ह्यांचा कारखान्याचा जाड कोट, कानटोपी आणि मोज्यांचे तीन जोड असं सगळं मी चिमीच्या भाच्याच्या रिक्षातून आदल्या दिवशीच पुढे पाठवलं होतं. जिज्ञासा मला म्हणाली होती, "मॅडम, वरून कितीपण घ्या, झोळीत थंडी खालून लागते. खाली काहीतरी लागेल." मी तिला म्हटलं, बाळ, गरम हवा वर जाते आणि थंडी वरून पडते, हे मी तीस वर्षं शिकवलं आहे. (बालवाडीत असलं काही शिकवत नाहीत. पण तिला ते ठाऊक नव्हतं.) ती बिचारी गप्प बसली. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच चुका समोरचा माणूस गप्प बसल्यामुळे झाल्या आहेत.

घरून कशी निघाले तो भाग सोडते. पाचला माळावर पोचले. जिज्ञासाने दोन आईनाच्या झाडांना दोन झोळ्या बांधल्या होत्या, एकीखाली एक नव्हे, शेजारी शेजारी. तिचे पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते, म्हणून तंबू रिकामे, आम्ही तिघीच. सात वाजता टेकाडावर चढून ह्यांना फोन केला, कारण खाली माळावर रेंज नाही. ह्यांनी विचारलं, स्वेटर घातलास? घातला होता. गरम पाणी प्यायलीस? प्यायले होते. खिडक्या बंद आहेत? मी म्हटलं, इथे एकही खिडकी उघडी नाही. वन्सं, यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या टेकाडावर उभी राहिले.

जेवण उत्तम झालं. चिमीच्या हातची तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि वर गूळ. मग झोळीत चढणं. त्याचं वर्णन करत नाही. एवढंच सांगते की पहिल्या वेळी मी एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरले. तिसऱ्या वेळी जमलं. चिमीने एकेक पांघरूण माझ्यावर घातलं आणि कडा खोचल्या, जशी ती दुपारी मुलांना झोपवायची. आणि मग वर पाहिलं तर आकाश. अमावास्या दोन दिवसांवर होती, चंद्राचा पत्ता नव्हता. मी मुलांना पुठ्ठ्याच्या चांदण्या कापून देत असे, प्रत्येक चांदणीला पाच टोकं. खऱ्यांना टोकं नसतात, वन्सं. त्या नुसत्या थरथरतात. पहिला एक तास इतका सुखाचा गेला की मला वाटलं, एवढ्यासाठी दोन वर्षं उगीच घाबरलो.

मग थंडी आली, आणि ती खालून आली. आधी कमरेला ओलसर हात लावल्यासारखं वाटलं. मग पाठीला. मी वरचं पांघरूण आणखी ओढलं, तर वरून घाम आणि खालून बर्फ. झोळीतलं गणित असं आहे की तुमच्या अंगाखाली जे काही जाड असतं ते तुमच्याच वजनाने दबून पापडासारखं होतं, आणि त्याच्या खाली दुसरं काही नसतं, नुसता वारा. जमिनीवर जमीन तरी असते. मी कूस बदलली, रजई घसरून खाली पडली. ती उचलायला वाकले, तर कोटही गेला. त्यानंतर मी हालचाल न करता पडून राहिले आणि माझे दात एकमेकांवर वाजू लागले. (माझे आहेत तेवढे. कवळी जिज्ञासाच्या डब्यात होती.) शेजारच्या झोळीत चिमी घोरत होती. ती खाली गोणपाट टाकून झोपली होती, आणि मला तिने एका शब्दाने ते सांगितलं नव्हतं. विचारलं तेव्हा म्हणाली, मना वाटला बाईंना म्हायती असंल, बाईंनी शिकवलंय ना.

मी तिला उठवलं. उठवलं म्हणजे हाक मारायला गेले आणि तोंडातून हाक न येता नुसती वाफ आली; दातांचा आवाज ऐकून तीच उठली. चिमी फार बोलत नाही, करते. चुलीत निखारे होते, ते तिने घमेल्यात भरले आणि घमेलं आणून थेट माझ्या झोळीखाली ठेवलं. दोन मिनिटं मला जे सुख झालं ते मी लिहून दाखवू शकणार नाही. मग वास आला. जिज्ञासा तंबूतून अनवाणी धावत आली आणि म्हणाली, "आई, अहो नायलॉन आहे ते, सरळ वितळून जाईल! मॅडम, उतरा आधी." उतरले. होतचंद शेठच्या खाकी अर्ध्याला रुपयाएवढं भोक पडलं होतं, आणि ह्यांच्या कारखान्याच्या कोटाच्या शेपटीला त्याहून थोडं मोठं. घमेलं लांब नेऊन त्यावर माती टाकली. तिघी उभ्या होतो. कुणी कुणाला दोष दिला नाही. जिज्ञासाने मला एकदाही 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही, आणि त्याबद्दल मी त्या मुलीला कधी विसरणार नाही.

ती म्हणाली, पेंढा भरू. खाचराच्या कडेला भाताच्या पेंढ्याची उडवी रचलेली आहे. आम्ही बॅटरी घेऊन गेलो, भाताच्या तीन रिकाम्या गोणी उलगडून एकमेकींना सुतळीने शिवल्या आणि त्यात पेंढा भरायला बसलो. गच्च भरायचा नाही, तिने बजावलं. फुगलेला राहिला पाहिजे, आत अडकलेली हवा ऊब धरते. मग ही गोणींची गादी झोळीच्या आत नाही, झोळीच्या खाली बाहेरून बांधायची, म्हणजे आपल्या वजनाने ती दबत नाही. इतकी साधी गोष्ट आहे. आपण सगळे जन्मभर वरची पांघरुणं शिवतो आणि खालची कुणाला सुचत नाही.

हे भरता भरता मला खोकला आला. एकच. पेंढ्याची धूळ असेल. पण वन्सं, मी हातातला पेंढा तसाच टाकला आणि दुसऱ्या खोकल्याची वाट पाहत बसले, अगदी हे पाहतात तशी. आणि मग मी रडू लागले. आजाराच्या भीतीने नाही. मी आजारी पडले तर हे बरोबर ठरतील, याचं मला रडू येत होतं. आणि पुढे कधी कुणीच मला खिडकी उघडू देणार नाही. मी चिमीला म्हटलं, टेकाडावर जाते, ह्यांना फोन करते, येऊन न्या म्हणते.

चिमी पेंढा भरत राहिली. मग म्हणाली (ह्यांना ती सर म्हणते), "सर आमच्या घरी आलते. तुमी दवाखान्यात व्हत्याव तवा."

मला हे ठाऊक नव्हतं. मी विचारलं, कशाला?

"रातचे आलते. मना वाटला, बाई गेल्या. सर बोलले, चिमीबाई, ही तापात काय काय नावं घेते, मना कलत नाय. कागद काढला खिशातनं. त्यावर लिवलेली नावं, अर्धी चुकलेली. बगला, तर आपली पोरा. आपला हजेरीचा पुस्तक, बाई. तुमी तापात हजेरी घेत व्हत्याव. मी त्यांना समदी नावं सांगितली, कोन कवाचा, कोन कुनाचा. त्यांनी लिवून घेतली."

मी विचारलं, मग?

"मग काय, दुसरे दिसाला मी आलते तर तुमी नावं घेत व्हत्याव नं सर टुलावर बसून 'हजर बाई', 'हजर बाई' करत व्हते. एकेक नावाला. नर्स हसत व्हती. सर काय थांबले नाय. बोलले, कुनी हजर नाय बोलला तर ही तेच नाव परत परत घेते, दमते."

वन्सं, ते अकरा दिवस मला आठवत नाहीत असं मी वर लिहिलं आहे. पण एक आठवतं, आणि ते स्वप्न होतं असं मी आजवर धरून चालले होते. मी वर्गात उभी आहे, सगळी मुलं आलेली आहेत, एकही गैरहजर नाही. मला इतकं शांत वाटलं होतं. ती चाळीस मुलं म्हणजे एकटे तुमचे बंधू होते. हे दोन वर्षांत त्यांनी मला सांगितलं नाही, आणि चिमीला सांगू नको म्हणून बजावलं होतं. चिमीने ते दोन वर्षं पाळलं आणि त्या रात्री मोडलं, कारण तिला पेंढा भरायला तिसरा माणूस हवा होता आणि मी रडत बसले होते. तिने माझ्या हातात पेंढा दिला. मी भरू लागले.

टेकाडावर गेले नाही. जिज्ञासाने आणखी दोन गोष्टी करायला लावल्या. निजण्याआधी जाऊन यायचं (हे तिने मला सांगावं, ज्या बाईने चाळीस मुलांना रोज एका रांगेत नेलं तिला), आणि मूठभर शेंगदाणे-गूळ खायचा, म्हणजे पोट रात्रभर शेगडीसारखं जळत राहतं. एका बाटलीत गरम पाणी भरून, वर मोजा चढवून, ती तिने माझ्या पायाशी दिली. मी चढले. पहिल्याच वेळी जमलं. खालून पेंढ्याचा बारीक आवाज येत होता आणि हळूहळू, कुणीतरी पाठीशी येऊन बसावं तशी ऊब आली. तोंडाला थंडी, नाकाचा शेंडा गार, आणि बाकी सगळी मी उबेत. थंडी वाजणं म्हणजे काय ते मला आठवलं होतं, आणि थंडी थांबणं त्याहून चांगलं असतं हेही कळलं. मी पुन्हा एकदा चांदण्या मोजायला घेतल्या आणि सतराच्या पुढे गेले नाही.

सकाळी डोळे उघडले तेव्हा माळावर धुकं होतं आणि चिमी चुलीपुढे बसून मला न उठवता चहा प्यायली होती. मी पडल्या पडल्या मुद्दाम खोकून पाहिलं. काही नाही. छाती स्वच्छ. नंतर दोनदा पाहिलं. चिमी म्हणाली, बाई, आता पुरं, नायतर तेनंच घसा धरंल.

दुपारी घरी आले. ह्यांनी दार उघडलं आणि नेहमीप्रमाणे आधी कपाळावर हात ठेवला. दोन वर्षांत हा हात मी किती वेळा बाजूला केला असेल! शनिवारी केला नाही. हे म्हणाले, गार आहे. मी म्हटलं, हो, गार आहे. मग आम्ही दोघं तसेच दारात उभे राहिलो, ते इतका वेळ की समोरच्या ब्लॉकच्या मीनलने विचारलं, किल्ली हरवली का? सगळं सांगावं असं तोंडाशी आलं होतं. पण झोळीचं सांगितलं तर पुढची दोन वर्षं हे झोपणार नाहीत, आणि हजेरीचं विचारलं तर चिमीचा शब्द जातो. म्हणून मी काहीच बोलले नाही. संध्याकाळी हॉलची खिडकी थोडी उघडली, चार बोटं. ह्यांनी पाहिलं. उठले, माझी शाल आणून माझ्या खांद्यावर टाकली आणि परत जाऊन बसले. खिडकी तशीच राहिली.

असं सगळं झालं. पत्र फार लांबलं. थोरामोठ्यांना इतकं लांब पत्र लिहू नये असं आई सांगत असे, पण तिने थोरामोठ्यांना इतकं कमी सांगितलं की तिचं ऐकावंसं वाटत नाही. भावोजींना नमस्कार. तुमची कृपा आहे तशी राहू द्यावी.

तुमची,
सुहासिनी

ता. क. — आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. शुक्रवारी रात्री मी तुमच्याकडे पनवेलला होते. हळदीकुंकू होतं, उशीर झाला, तुम्ही आग्रह केलात म्हणून राहिले. येत्या रविवारी हे तुमच्याकडे लोणच्याची बरणी परत द्यायला येणार आहेत आणि बोलता बोलता विषय निघेल. तेव्हा कृपा करून ध्यानात ठेवा: आपण मुगाची खिचडी खाल्ली. मी साडेनऊला झोपले, आतल्या खोलीत. दोन ब्लँकेटं. वाणात तुम्ही स्टीलच्या वाट्या दिल्यात (चार माझ्याकडे आणल्या आहेत, ठाण्याच्या दुकानातल्या). कोटाला भोक तुमच्या देवघरातल्या उदबत्तीने पडलं. हे फोनवर सांगता येत नाही, कारण मी फोन घेतला की हे शेजारी येऊन बसतात. मोठ्या नणंदेला खोटं बोलायला सांगते आहे, याची मला अतिशय लाज वाटते. पस्तीस वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलं नाही, हे आठवून निर्णय घ्यावा.

आणखी ता. क., शुक्रवार — टपालाचं तिकीट आणायला तीन दिवस लागले आणि तेवढ्यात हे घडलं. आत्ता जेवताना ह्यांनी आपणहून सांगितलं की त्या रात्री दहा वाजता त्यांना राहवेना, माझा फोन लागेना, म्हणून त्यांनी तुम्हाला फोन केला होता. माझ्या हातातला घास हातात राहिला. हे म्हणाले, "ताई बोलली, जेवून झोपलीय, उठवत नाही. खोकला अजिबात नाही. दोन ब्लँकेटं दिलीत." आणि पुढे भात कालवू लागले.

म्हणजे वन्सं, तुम्हाला काहीही माहीत नसताना, मी कुठे आहे, कुणाबरोबर आहे, जिवंत तरी आहे की नाही हे ठाऊक नसताना, तुम्ही एका श्वासात ब्लँकेटांपर्यंत सगळं बरोबर सांगितलंत. आज आठ दिवस झाले, मला एका शब्दाने विचारलं नाहीत. तेव्हा वरची विनंती रद्द समजावी; पत्र फाडून टाकणार होते, पण एवढं लिहिलं आहे तर पाठवते.

फक्त एक विचारायचं आहे. इतक्या सहज, इतकं नेटकं खोटं कुणाला पहिल्या खेपेला जमत नाही. तुम्ही कधी, कुठे जाऊन आला होतात, तेवढं मला उलट टपाली कळवा.